१८४८ ची हंगेरी: काउंटीतला उमराव-न्यायाधीश क्रांतीत नेमकं काय करत होता?

दप्तरदार

ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवटीविरुद्धची हंगेरीची १८४८-४९ ची क्रांती म्हटलं की तिचा पुढारी कोशुत याची भाषणं, कवी पेतोफीची कविता आणि आराडला मृत्युदंड झालेले सेनापती एवढंच पुढे येतं. पोझोन्यच्या (आजचं ब्रातिस्लाव्हा) संसदेत झालेले कायदे गावात कोणी नेले, वेठ बंद झाल्याचं कोणी वाचून दाखवलं, सैन्यासाठी पोरं कोणी मोजली, गवत आणि गाड्या कोणी जमवल्या, हे क्वचितच सांगितलं जातं. ही सगळी कामं काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडून आलेल्या उमराव अधिकाऱ्यांनी केली. म्हणजे ज्या वर्गाचे विशेष हक्क क्रांतीनं काढून घेतले, त्याच वर्गाच्या हातून क्रांती गावात पोचली. माझ्या मते हंगेरीच्या क्रांतीचं बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही इथेच आहेत. म्हणून हा धागा.

आधी यंत्रणा. काउंटीच्या वर राजानं नेमलेला फोइश्पान, पण तो बहुतेक वेळा लांबच असे. खरा कारभार अलिश्पानकडे, आणि त्याला काउंटीचे उमराव निवडून देत. काउंटीचे तालुक्यासारखे भाग पाडलेले, प्रत्येक भागाला एक मुख्य सोल्गाबीरो (शीर्षकातला उमराव-न्यायाधीश), त्याच्या हाताखाली दुय्यम सोल्गाबीरो आणि एश्क्युत नावाचे शपथबद्ध सहायक. मराठी वाचकाला जवळची उपमा द्यायची तर जुना मामलेदार: वसुलीवर देखरेख, पोलिसी आणि न्याय एकाच माणसाकडे. फरक इतकाच की याला सरकार नेमत नसे. दर तीन वर्षांनी काउंटीच्या उमरावांची सभा त्याला निवडत असे, आणि ती सभा त्याला पाडूही शकत असे.

सोल्गाबीरोचं एक काम कागदपत्रं वाचणाऱ्याला सतत भेटतं. समन्स पोचवणं, साक्ष नोंदवणं, हद्द पाहणं, जप्ती करणं अशी कृती कायदेशीर ठरायची तर सोल्गाबीरो आणि एक एश्क्युत असे दोघे हजर लागत. दोघांची मिळून ती 'कायदेशीर साक्ष'. जमीनदाराच्या स्वतःच्या न्यायसभेतही (उरिसेक) ही जोडी बसलेली असे. जमीनदार आपल्याच शेतकऱ्याचा न्याय करत असताना काउंटीचा डोळा तिथे असावा ही त्यामागची कल्पना. डोळाही जमीनदारांच्याच वर्गातला, हे ओघानं आलंच.

फौजदारी खटले काउंटीच्या न्यायसभेपुढे चालत. तिथे बसणाऱ्या मंडळींना ताब्लाबीरो म्हणत. हे बरंचसं मानाचं पद. प्रतिष्ठित उमरावाला, कायदा शिकलेल्या तरुणाला ते मिळे, आणि अनेकांना नुसतं नावापुरतं.

ज्या माणसाचं उदाहरण घेऊन बोलायचं आहे तो इम्रे मदाच. जन्म २० जानेवारी १८२३, नोग्राद काउंटीतलं अल्शोस्त्रेगोवा, आज स्लोव्हाकियात. वडील १८३४ मध्ये गेले, इस्टेट आई आन्ना मायतेन्यीनं सांभाळली. पेश्टला कायदा शिकला, काउंटीचं ठाणं असलेल्या बलाशाद्यार्मातला दुय्यम कारकून झाला, मग ताब्लाबीरो, आणि १८४८ च्या आधीच काउंटीचा मुख्य रसद-अधिकारी. १८४५ मध्ये एर्झेबेत फ्रातेरशी लग्न, बिऱ्हाड चेस्तवेच्या वाड्यात. पुढे त्यानं लिहिलेलं पद्यनाट्य हंगेरियन साहित्याचा मानबिंदू ठरलं. या धाग्यात मात्र त्याची नोकरी महत्त्वाची.

रसद-अधिकारी म्हणजे काय? काउंटीतून जाणाऱ्या किंवा तिथे मुक्काम करणाऱ्या सैन्याला निवारा, धान्य, गवत, ओट आणि गाड्या पुरवणं. गाड्या आणि बैल-घोडे शेतकऱ्यांचे, त्यांच्यावर ती सक्तीच. शांततेत हे काम म्हणजे हिशेबाच्या वह्या. १८४८ च्या शरद ऋतूपासून तेच काम युद्धाच्या केंद्रस्थानी आलं. प्रकृती अशक्त असल्यामुळे मदाच स्वतः सैन्यात जाऊ शकला नाही. त्याचं युद्ध या वह्यांमध्येच झालं.

बाकीचे तपशील प्रतिसादांत येऊ देत. ज्यांना जमीन-कायदा आणि सैन्यभरतीची बाजू ठाऊक आहे त्यांनी जरूर लिहा.

---

नदीकाठ

उत्तम धागा. दोन शंका.

१) उमराव म्हणजे सगळे वाडेवालेच का? मतदार नक्की कोण?
२) निवडणूक तीन वर्षांनी होती तर अधिकाऱ्याला मतदारांची भीती वाटत असणार. त्याचा परिणाम कारभारावर कसा व्हायचा?

---

दप्तरदार

@नदीकाठ, १) नाही. उमराव लोकसंख्येच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे साधारण वीस माणसांत एक. युरोपच्या मानानं हा आकडा खूप मोठा. यातल्या बहुतेकांकडे वाडा सोडा, स्वतःचं धड शेतही नसे. त्यांना 'बोच्कोरोश' म्हणत, म्हणजे बुटांऐवजी पायाला चामडं गुंडाळणारे. पण काउंटीच्या सभेत त्यांचं मत वाडेवाल्याइतकंच. काउंटीचा कर त्यांनाही माफ, आणि खटल्यात दोषी ठरल्याशिवाय त्यांना अटक करता येत नसे. हे हक्क १५१४ च्या वेर्बोत्सीच्या कायदासंग्रहापासून मुखोद्गत.

२) परिणाम भयानक. निवडणुकीत या गरीब उमरावांना गाड्या भरभरून आणत, आठवडाभर खाऊ-पिऊ घालत, आणि मतदानाला शिसं भरलेल्या काठ्या निघत. सगळ्यात गाजलेलं प्रकरण १८४३ चं, झॉला काउंटीतलं. उमरावांनीही काउंटीचा कर भरावा अशी सूचना सुधारणावाद्यांनी संसदेच्या प्रतिनिधीला द्यायची होती. प्रतिनिधी फेरेन्त्स देआक, सुधारणावाद्यांचा पुढारी. विरोधकांनी बोच्कोरोश उमरावांना 'तुमच्यावर कर बसणार' म्हणून भडकवलं, सूचना फिरवली गेली. पुढच्या फेरीत देआक निवडून आला, पण मारामारीत रक्त सांडलं होतं. रक्तानं माखलेलं निवडपत्र घेणार नाही म्हणून त्यानं प्रतिनिधित्व नाकारलं. १८४३-४४ च्या संसदेत सुधारणापक्ष त्याच्याविना बसला.

हे लक्षात ठेवलं की १८४८ चं मोल कळतं. जो वर्ग १८४३ मध्ये एका करासाठी काठ्या घेऊन उभा राहिला, त्यानं पाच वर्षांनी करमाफी आणि वेठ दोन्ही एका आठवड्यात सोडली.

---

सनदशीर

सोडली, पण धाकही होता. मार्च १८४८ मध्ये पोझोन्यला अफवा पोचली की पेतोफी पेश्टजवळ राकोशच्या मैदानावर ४०,००० शेतकरी घेऊन बसला आहे. तसं काही नव्हतं. पण वेठबंदीचा निर्णय झाला त्या १८ मार्चच्या आसपास ती अफवा सभागृहात फिरत होती. दोन वर्षांपूर्वी १८४६ मध्ये शेजारच्या गॅलिशियात शेतकऱ्यांनी जमीनदारांची कत्तल केली होती, तेही सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

आता जमिनीचं गणित. सोल्गाबीरोच्या डोक्याला खरा ताप त्यातूनच झाला.

१७६७ च्या राणी मारिया थेरेसाच्या 'उर्बारियम'नं (शेतकऱ्यांच्या जमिनी आणि देणी यांच्या नियमावलीनं) देणी ठरवून दिलेली. एका पूर्ण हिश्शाला (तेलेक) जमिनीच्या प्रतीप्रमाणे १६ ते ४० होल्ड शेत. होल्ड आपल्या एकराच्या आसपास. त्यावरचं देणं असं: वर्षाला ५२ दिवस बैल-नांगरासकट वेठ, किंवा १०४ दिवस नुसत्या हातांची. जमीनदाराला पिकाचा नववा भाग, चर्चला दशांश, शिवाय घरामागे वर्षाला १ फ्लोरिन. अर्धा हिस्सा असेल तर वेठही निम्मी. घर आहे पण शेत नाही अशा झेलेरला १८ दिवस, घरही नसेल तर १२.

११ एप्रिल १८४८ ला राजानं जे ३१ कायदे मंजूर केले त्यातला नववा या देण्यांवर काट मारतो. आठवा सगळ्यांवर समान कर बसवतो, तेरावा दशांश बंद करतो, पंधरावा 'ओशिशेग' म्हणजे वंशाबाहेर जमीन विकता न येण्याचं १३५१ पासूनचं बंधन तत्त्वतः उठवतो. जमीनदारांची न्यायसभाही गेली. वाचताना सगळं स्वच्छ वाटतं.

गावात उतरल्यावर अडलं ते इथे: नववा कायदा फक्त उर्बारियमात नोंदलेल्या जमिनीला लागू होता. जमीनदाराच्या खासगी जमिनीवर कराराने बसवलेला शेतकरीही वर्षानुवर्षं वेठच करत होता. त्याच्या दृष्टीनं दोन्हीत काही फरक नव्हता, पण कायद्यानं तो सुटला नाही. द्राक्षमळ्यांची देणी राहिली. जंगल तोडून केलेली शेतं वादात. नोंदीपेक्षा जास्त भरलेली जमीन वादात. सामाईक कुरणं कुठली गावाची आणि कुठली जमीनदाराची, हे तर कित्येक ठिकाणी कधी ठरलेलंच नव्हतं. दारूचं दुकान आणि खाटीकखाना चालवण्याचे जमीनदाराचे हक्क तसेच.

मग एप्रिल ते जून असं घडत गेलं. सोल्गाबीरो गावात येतो, सभा भरते, कायदा वाचला जातो. लोक ऐकतात ते एवढंच की वेठ संपली. दुसऱ्या दिवशी खासगी जमिनीवरचेही कामाला येत नाहीत आणि गुरं वादातल्या कुरणात शिरतात. जमीनदार तक्रार करतो. सोल्गाबीरो परत येतो, या वेळी पांडूर शिपाई घेऊन. आठवड्यापूर्वी स्वातंत्र्य वाचून दाखवणारा तोच माणूस आता कुरण रिकामं करायला सांगतो. शेतकऱ्यानं त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

जमीनदाराची भरपाई राज्य करेल असं बाराव्या कायद्यात होतं. युद्ध लागलं आणि ती राहिली. प्रत्यक्षात ती १८५३ च्या बादशाही फर्मानानंतर कर्जरोख्यांच्या रूपात मिळू लागली, म्हणजे क्रांतीचं वचन क्रांती चिरडणाऱ्यांनी पाळलं.

---

कातळवाट

सनदशीर यांच्या प्रतिसादाला पुष्टी. मात्र मूळ लेखाचा सूर मला उमरावांकडे झुकलेला वाटतो. दोन गोष्टी मांडतो.

पहिली, १८३१ चा पटकी-उठाव. उत्तर हंगेरीत, झेंप्लेन वगैरे काउंट्यांत, पटकी पसरल्यावर अधिकाऱ्यांनी नाकेबंदी केली, हंगामी मजुरांना कामाला जाऊ दिलं नाही, विहिरींत चुन्याचं क्लोराइड टाकलं, औषध म्हणून बिस्मथची पूड वाटली. लोकांची खात्री पटली की साहेब लोक विष घालताहेत. स्लोवाक आणि रुथेनियन शेतकऱ्यांनी वाड्यांवर हल्ले केले, जमीनदार आणि अधिकारी मारले, त्याबदल्यात अनेकांना फासावर चढवलं गेलं. औषध वाटणारा, कर घेणारा आणि फटक्यांच्या बाकड्यावर आडवं घालणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या हातचं औषध कोण घेणार? १८४८ मध्ये कायदे वाचायला गेलेल्या सोल्गाबीरोच्या पाठीशी ही सगळी पूर्वपीठिका होती.

दुसरी गोष्ट भाषेची. १८४४ च्या दुसऱ्या कायद्यानं लॅटिनच्या जागी हंगेरियन राज्यभाषा झाली. हंगेरियन उमरावासाठी हा विजय. स्लोवाक, रोमानियन, सर्ब, क्रोएट लोकांसाठी एक परकी भाषा जाऊन दुसरी आली, आणि ही दुसरी शेजाऱ्याची. १८४८ चे कायदे शेतकऱ्याला माणूस म्हणून मोकळं करतात, पण तो रोमानियन किंवा स्लोवाक म्हणून काही मागू लागला तर त्याच्यासाठी त्यात काहीही नाही. ट्रान्सिल्व्हेनियात मिहाल्त्स गावी २ जून १८४८ ला जमिनीच्या वादात सैनिकांनी रोमानियन शेतकऱ्यांवर गोळीबार केला, माणसं मेली. तिथून पुढे त्या भागात हंगेरियन अधिकाऱ्याचं तोंड पाहायला कोणी तयार नव्हतं. ही आग मदाचच्या घरापर्यंत पोचली. त्याची बहीण मारिया १८४९ मध्ये पळून जाताना कुटुंबासह रोमानियन बंडखोरांच्या हातून मारली गेली. भाऊ पाल युद्धकाळातच आजारानं गेला.

---

दप्तरदार

@कातळवाट, दोन्ही मुद्दे मान्य, आणि १८३१ चा तर हवाच होता. फक्त एक जोड देतो. त्याच पटकीच्या काळात झेंप्लेनमध्ये काउंटीचं काम करणारा एक तरुण वकील होता, लायोश कोशुत. घराणं उमराव, जमीन जवळपास नाही. शेतकरी आणि उमराव यांच्यात समझोता झाला नाही तर देश बुडेल हे त्याचं पुढचं सगळं राजकारण. त्या उन्हाळ्यात त्यानं काय पाहिलं होतं हे ठाऊक असलं की ते अधिक कळतं.

काउंट्यांमध्ये अशी माणसं खरोखर होती. सातमारचा मुख्य लेखनिक फेरेन्त्स कोल्चेई, ज्याची कविता आज हंगेरीचं राष्ट्रगीत आहे, तो १८३२-३६ च्या संसदेत होता. शेतकऱ्याला कायमची सोडवणूक विकत घेता यावी अशी त्याची भूमिका. काउंटीनं उलट सूचना पाठवली. प्रतिनिधीला सूचनेबाहेर जाता येत नसे, म्हणून १८३५ मध्ये त्यानं राजीनामा दिला. आणि देआकनं १८४३ च्या फौजदारी संहितेच्या मसुद्यावर काम केलं. त्या मसुद्यात मृत्युदंड नाही, फटके नाहीत. वरिष्ठ सभागृहापाशी तो अडला.

---

बारदान

सैन्यभरतीबद्दल विचारलं होतं, ते टप्प्याटप्प्यानं देतो.

मे १८४८: पहिल्या १० होन्वेद (हंगेरीच्या स्वतःच्या सैन्याच्या) पलटणी, सुमारे १०,००० माणसं, स्वखुशीची. तीन वर्षांचा करार, भरतीला २० फ्लोरिन, रोज ८ क्रोयत्सर. शहरांतून विद्यार्थी, कारकून, कारागीर आले. इथे सोल्गाबीरोला फारसं काम नाही.

जुलै: ११ तारखेला कोशुतच्या मागणीवरून संसदेनं २,००,००० माणसं आणि ४ कोटी २० लाख फ्लोरिन मंजूर केले. टाळ्या झाल्या, पण माणसं कुठून आणायची ते ठरायचं होतं.

सप्टेंबर: ११ तारखेला व्हिएन्नाच्या बाजूचा क्रोएशियाचा सुभेदार येलाचिच सैन्यासह द्रावा नदी ओलांडून आत आला, आणि पंतप्रधान बाट्यानीनं काउंट्यांना कोटा दिला: दर १२७ माणसांमागे २ जवान. १,२७० वस्तीच्या गावाला २० पोरं. आता सगळं सोल्गाबीरोवर.

त्याचा क्रम असा. काउंटीचा कोटा तालुक्यांत वाटायचा, तालुक्याचा गावांत. गावच्या पुढाऱ्याला बोलावून वयात आलेल्या पोरांची यादी करायची. वय कुठून कळणार? सरकारी जन्मनोंद नव्हती, ती हंगेरीत १८९५ मध्ये आली. म्हणजे पाद्र्याकडचं बाप्तिस्म्याचं पुस्तक. एका गावात कॅथलिक, लुथरन आणि काल्विनपंथी असतील तर तीन पुस्तकं, ज्यूंची नोंद निराळी. पाद्री विरोधात असला की पुस्तक लवकर सापडत नाही. मग स्वखुशीचे किती ते पाहायचं, उरलेल्यांसाठी चिठ्ठ्या. तपासणी. मग ताफा करून काउंटीच्या ठाण्याला, तिथून पलटणीच्या छावणीला.

बिघडायचं कुठे? एक, वेळ: पेरणी-मळणीच्या दिवसांत पोरं रानात गेलेली असत. दोन, श्रीमंत घरची पोरं चिठ्ठीतून सुटली अशी कुजबुज, खरी असो वा नसो. तीन, कपडा आणि बूट. माणसं जमत, पण कोट-बूट मिळत नसत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अनवाणी पोरगा घरी पळून येतो. म्हणून काउंट्यांनी चांभार आणि शिंपी कामाला जुंपले. रणांगणावरच्या पराक्रमाइतकीच ही बुटांची मोजदाद सैन्य टिकवते हे माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीय रक्षक दल वेगळं, बाविसाव्या कायद्यानं आलेलं. २० ते ५० वयाचे पुरुष, गावात किमान अर्धा तेलेक किंवा त्या तोलाची मालमत्ता. त्यांना गावाच्या आसपास बंदोबस्ताला वापरणं ठीक, दूर नेलं की शेतीच्या काळजीनं माघारी फिरायचे.

---

नदीकाठ

हे फारच उपयोगी. म्हणजे मतदार कोण, शेतकरी कोण, जवान कोण या तिन्ही याद्या एकाच कचेरीत तयार होत होत्या?

---

बारदान

जवळजवळ तसंच. पाचव्या कायद्यातला मताधिकारही असाच मोजावा लागे: २० वर्षांवरचा पुरुष, गावात किमान पाव तेलेक, शहरात ३०० फ्लोरिनचं घर, किंवा निदान एक मदतनीस ठेवणारा कारागीर, किंवा १०० फ्लोरिनचं नक्की उत्पन्न. आधीपासून हक्क असलेल्या गरीब उमरावांचा तो कायम ठेवला. जूनमध्ये निवडणूक, उघड मतदान, ५ जुलैला संसद भरली.

आणि एक महत्त्वाचं: सोळाव्या कायद्यानं काउंटीच्या सभेत गावांचे प्रतिनिधी आले, त्यातून कायम समिती निवडली गेली. अधिकाऱ्यांची फेरनिवडणूक मात्र पुढे ढकलली. म्हणजे सभा बदलली, कचेरीत माणसं जुनीच. कातळवाट म्हणतात त्या अविश्वासाचं हेही एक कारण.

---

सनदशीर

या सगळ्यापेक्षा अवघड काळ म्हणजे डिसेंबर १८४८ ते एप्रिल १८४९. ऑस्ट्रियन सेनापती विंडिशग्रेट्स पश्चिमेकडून आत आला, ५ जानेवारीला बुडा-पेश्ट पडलं, सरकार देब्रेत्सेनला गेलं. काउंटीच्या अधिकाऱ्यापुढे आता दोन सरकारं. शाही आयुक्त येतो, निष्ठेचं पत्र मागतो. कोशुतचा सरकारी आयुक्त आधीच जवान आणि गाड्या मागून गेलेला. पत्र लिहून दिलं तर हंगेरियन सैन्य परतल्यावर देशद्रोह. फेब्रुवारी १८४९ पासून त्यासाठी तातडीची न्यायालयं होती. नाही लिहून दिलं तर आज अटक. एप्रिल-मेमध्ये हंगेरियन सैन्य खरोखर परतलं, २१ मेला बुडा जिंकलं. ऑगस्टमध्ये पुन्हा उलटं. काही काउंट्यांत आठ-नऊ महिन्यांत कारभार तीनदा हातबदल झाला.

बहुतेक अधिकाऱ्यांनी या काळात आजारपण काढलं, किंवा आदेश 'पोचला नाही' असं कळवलं. हा भेकडपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: त्यांच्या दप्तरात प्रत्येक गावातून कोण सैन्यात गेलं त्याच्या याद्या होत्या. त्या सापडू न देणं हेही काम होतं.

नोटांचं प्रकरणही इथलंच. कोशुतच्या नोटांत पगार, गाडीभाडं, गवताची किंमत चुकती झालेली. क्रांती चिरडणारा ऑस्ट्रियन सेनापती हायनाउ यानं त्या बाद केल्या, जमा करायला लावल्या आणि भरपाई न देता जाळल्या. ज्या शेतकऱ्यानं सोल्गाबीरोच्या शब्दावर धान्य दिलं त्याच्या हातात कागदही उरला नाही.

---

दप्तरदार

देआकचीही त्याच आठवड्यातली गोष्ट. तो १८४८ च्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री होता, सप्टेंबरअखेर सरकार पडल्यावर बाहेर. ३ जानेवारी १८४९ ला बिच्के इथे विंडिशग्रेट्सला भेटायला गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. उत्तर मिळालं की बंडखोरांशी बोलणी नाहीत, बिनशर्त शरण या. देआक केहिदाच्या आपल्या घरी गेला. १३ ऑगस्टला विलागोशला शरणागती, ६ ऑक्टोबरला आराडला १३ सेनापतींना आणि त्याच दिवशी पेश्टला बाट्यानीला मृत्युदंड. १८५० मध्ये व्हिएन्नाचा न्यायमंत्री श्मेर्लिंग यानं देआकला कायद्याच्या कामासाठी बोलावलं. त्यानं नकार कळवला आणि तो नकार देशभर पोचला.

यालाच पुढे निष्क्रिय प्रतिकार म्हणू लागले. त्याचा व्यवहारातला अर्थ: पद घ्यायचं नाही, कर स्वतःहून भरायचा नाही, शिपाई आले तर नेऊ द्यायचा, जर्मन अर्जांना सावकाश उत्तर. व्हिएन्नानं देश पाच विभागांत कापला, काउंटी निवडणुका बंद केल्या, सोल्गाबीरोच्या जागी बोहेमिया, गॅलिशिया, ऑस्ट्रियातून पगारी अधिकारी आणून त्यांना हंगेरियन धाटणीचा गणवेश चढवला. ऑस्ट्रियाचा गृहमंत्री बाख याच्या नावावरून लोक त्यांना 'बाखचे हुसार' (बाखचे घोडेस्वार) म्हणत. हे लोक सगळे वाईट नव्हते. १ मे १८५३ पासून लागू केलेली ऑस्ट्रियन दिवाणी संहिता जुन्या गोंधळापेक्षा नीटनेटकी होती. पण गावात शिरताना कोणाच्या शब्दाला वजन आहे हे त्यांना ठाऊक नसे, आणि ज्यांना ठाऊक होतं ते मदतीला येत नसत.

आयर्लंडच्या आर्थर ग्रिफिथनं १९०४ मध्ये हाच हंगेरियन दाखला आपल्या देशापुढे ठेवला.

मदाचला मात्र गप्प बसणंही जमलं नाही. त्यानं कोशुतचा सचिव यानोश राकोत्सी याला आपल्या इस्टेटीवर आसरा दिला. १८५२ मध्ये अटक, पोझोन्य आणि पेश्टच्या तुरुंगात. १८५३ मध्ये सुटला. घरी संसार मोडलेला होता, १८५४ मध्ये काडीमोड झाला. आईच्या घरी, अल्शोस्त्रेगोवाला राहू लागला. १८५९-६० मध्ये तिथे लिहिलेल्या नाट्यात आदाम इतिहासाच्या एकेका युगातून जातो, आणि पॅरिसच्या क्रांतीचा प्रवेश प्रागमधल्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या स्वप्नात येतो. काउंटीच्या वह्या सांभाळलेल्या माणसाचा गर्दीवरचा अविश्वास आणि तरीही क्रांतीबद्दलचं प्रेम, दोन्ही त्या प्रवेशात आहे असं मला वाटतं.

---

कातळवाट

प्रतिकाराचं चित्र जरा जास्त एकसंध झालं. नवी पदं घेणारे हंगेरियनही होते, विशेषतः खालच्या पायरीवर. वेठ गेल्यावर मजुरीला पैसे नव्हते, भरपाई लांबलेली, मुलं शिकायची. अशा मध्यम उमरावाला पगाराची गरज होती. देआक एकटा होता, मुलंबाळं नव्हती, १८५४ मध्ये केहिदा विकून पेश्टच्या हॉटेलात राहायला गेला. ते सगळ्यांना परवडणारं नव्हतं.

---

बारदान

सहमत. अवांतर: या काळचे आकडे वाचताना एक खड्डा आहे. १८४८ आधीच्या कागदांत दोन फ्लोरिन असतात, चांदीचा 'पेंग्यो' आणि कागदी 'वाल्तो'. १ पेंग्यो म्हणजे २.५ वाल्तो. दोन्हींचे ६० क्रोयत्सर. पगार किंवा देणं कोणत्या फ्लोरिनमध्ये हे न पाहता तुलना केली की अडीच पटीनं चुकते. तसंच नावात आडनाव आधी: कागदात 'मदाच इम्रे' असतं. आणि कोणाच्या नावापुढे ताब्लाबीरो दिसलं म्हणून तो रोज न्यायसभेत बसत होता असं धरू नये. एखादा खटला त्यानं खरंच ऐकला का, ते त्या बैठकीच्या इतिवृत्तातल्या हजेरीवरूनच कळतं.

---

नदीकाठ

१८६० नंतर काउंट्या परत आल्या ना? तेव्हा मदाच आणि देआक एकाच बाजूला होते का?

---

दप्तरदार

ऑक्टोबर १८६० च्या फर्मानानं काउंट्या परत आल्या. बऱ्याच ठिकाणी १८४८ ची समिती आणि जुने अधिकारी जागेवर आले, आणि पहिलं काम केलं ते बादशाही कर गोळा करायला नकार देण्याचं.

१८६१ च्या संसदेत मदाच बलाशाद्यार्मातचा प्रतिनिधी होता, आणि तो देआकच्या विरुद्ध गटात होता. प्रश्न असा: बादशहाला उत्तर 'निवेदन' म्हणून द्यायचं की नुसता 'ठराव' करायचा? निवेदन म्हणजे फ्रान्झ योझेफला निदान प्रत्यक्षातला राजा मानणं. ठरावपक्षाचं म्हणणं असं की २ डिसेंबर १८४८ ला आधीचा राजा फर्दिनांद यानं गादी सोडली ती हंगेरीच्या संसदेला न विचारता, म्हणून कायद्यानं हा आमचा राजाच नाही. मदाच या ठरावपक्षात. देआक निवेदनवाला, पण त्या निवेदनातली मागणी १८४८ च्या कायद्यांचीच. ठरावपक्षाचा नेता लास्लो तेलेकीनं ८ मेला आत्महत्या केली. ५ जूनला मतदान झालं: १५५ विरुद्ध १५२, निवेदन जिंकलं. त्यातही ठरावपक्षाचे काहीजण मुद्दाम बाहेर राहिले, कारण जिंकलो तर पुढे काय याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

व्हिएन्नानं निवेदनही फेटाळलं. २२ ऑगस्टला संसद बरखास्त, नोव्हेंबरात काउंट्याही. निवडून आलेले अधिकारी गटागटानं राजीनामे देऊन घरी गेले. मदाच ५ ऑक्टोबर १८६४ ला वारला, वय ४१. देआकनं १६ एप्रिल १८६५ च्या ईस्टर लेखातून तडजोडीची वाट उघडली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचा १८६७ चा करार झाला.

---

सनदशीर

आणि न्यायाधीश म्हणून सोल्गाबीरो संपला तो त्यानंतर. १८६९ च्या चौथ्या कायद्यानं न्याय आणि प्रशासन वेगळं केलं, १८७२ च्या सुरुवातीपासून पहिल्या पायरीची शाही न्यायालयं बसली. काउंटीच्या सभेत अर्धे सदस्य सर्वाधिक कर भरणारे, हे १८७० च्या बेचाळिसाव्या कायद्यानं आलं. सोल्गाबीरो पद राहिलं, पोलिसी आणि प्रशासन त्याच्याकडेच. खटले बहुतांशी गेले. बलाशाद्यार्मातमध्येच १८७१ च्या सुमारास काल्मान मिक्सात नावाचा तरुण सोल्गाबीरो माउक्सच्या हाताखाली एश्क्युत होता. पुढे तो हंगेरीचा मोठा कादंबरीकार झाला, आणि माउक्सच्याच मुलीशी, इलोनाशी, त्यानं लग्न केलं. काउंटीच्या कचेऱ्यांमधली माणसं त्याच्या कथांमध्ये भरपूर भेटतात. ज्यांना कायद्याचे आकडे जड वाटतात त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.